वादळानंतरचा गोल्फ कोर्स : आधी पाणी, मग वाळू, गवत शेवटी

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं. कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरपर्यंत पोचला, सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस झाला आणि पुढच्या तीन-साडेतीन आठवड्यांत पावसाळाच सुरू झाला. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं होतं, तेव्हा तर तेवढेही दिवस हाताशी नव्हते. मुंबईत गोल्फ कोर्सची दुरुस्ती अवघड होते ती यामुळे. वादळाने केलेलं नुकसान आवरेपर्यंत चार महिन्यांचा पाऊस दारात उभा असतो, आणि ओल्या जमिनीवर जड यंत्र नेलं की दुरुस्तीच नवं नुकसान करते.

नव्याने या कामात आलेल्या माणसाचं लक्ष आधी पडलेल्या झाडांकडे जातं. ते साहजिक आहे. चौदाव्या होलवर, म्हणजे कोर्सच्या अठरा टप्प्यांपैकी एकावर, आडवा झालेला रेन ट्री दुरूनही दिसतो. पण रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढू दिलेल्या गवतात, पडलेलं झाड दोन आठवडे तसंच राहिलं तरी त्याने नवं काही बिघडत नाही. ग्रीनवर, म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, बसलेला बोटभर गाळ मात्र संध्याकाळपर्यंत वाळून पापुद्रा धरतो आणि पुढची दोन वर्षं त्रास देतो. त्यामुळे कामाचा क्रम डोळ्यांना काय दिसतं यावरून ठरवू नका. जे तासागणिक बिघडतं ते आधी हाती घ्या.

आत शिरण्याआधी

पंप हाऊस, क्लबहाऊस आणि मैदानावरच्या दिव्यांचा वीजपुरवठा मुख्य स्विचवरून बंद करा. जनरेटर आपोआप चालू होणारा असेल तर तोही बंद करा, कारण लाइन मेली आहे असं समजून लोक हात घालतात आणि दहा मिनिटांनी जनरेटर सुरू होतो. पहिली फेरी फक्त तीन-चार अनुभवी माणसांनी मारावी. त्यांनी लोंबत्या तारा, फांदीत अडकून राहिलेली तुटकी फांदी आणि मूळ उचकटून कललेली झाडं शोधायची आणि त्यांच्याभोवती लाल फीत बांधायची. वरती अडकलेली फांदी वारा थांबल्यावरही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाली येते.

साचलेल्या पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला गमबूट हवेतच. पायाला जखम असलेल्या माणसाला पाण्यात पाठवू नका. लेप्टोस्पायरोसिस मुंबईत दर पावसाळ्यात येतो, म्हणून पाण्यात काम केलेल्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा.

काहीही हलवण्याआधी प्रत्येक होलचे टी (पहिला फटका मारायची जागा), फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा), बंकर (वाळूचा खड्डा) आणि ग्रीन असे चार-चार फोटो काढा. विमा असेल तर सर्वेक्षकाला ते लागतात, आणि गाळाची रेषा कुठवर आली होती हे आठवड्याने कोणालाच आठवत नाही.

पाणी काढणं

फेअरवेवर दोन दिवस पाणी उभं राहिलं तरी हरळी सहसा टिकते. आपल्या गोल्फ कोर्सवरचं बर्म्युडा गवत म्हणजे हरळीचंच, गणपतीला वाहतो त्या दूर्वांचंच कुळ, आणि ते चिवट आहे. पण पाणी उथळ असेल आणि वर मे महिन्याचं ऊन असेल तर त्या चार बोटं पाण्यात गवत अक्षरशः शिजतं, कधी एका दुपारीत. म्हणून खोल डबक्यांच्या आधी ग्रीनवरचं उथळ पाणी काढा.

हिशेब सोपा आहे. साधारण ग्रीन ५०० चौरस मीटरचं असतं. त्यावर १०० मिलिमीटर पाणी म्हणजे ५० घनमीटर, ५०,००० लिटर. तीन इंची डिझेल पंप चढ फार नसेल तर मिनिटाला ८०० ते १,००० लिटर ओढतो, म्हणजे एका ग्रीनला तासभर. पाणी दोन-तीन सेंटिमीटर उरलं की पंप हवा ओढू लागतो. तिथून पुढे रबरी वायपर आणि माणसं हाच उपाय. पंपाच्या नळीचं तोंड जाळीच्या टोपलीत ठेवा, नाहीतर ओल्या पानांनी ते पाच मिनिटांत तुंबतं.

पाणी सोडायचं कुठे हे आधी ठरवा. कोर्सचा नाला खाडीत किंवा समुद्रात जात असेल तर भरतीच्या वेळी तो पाणी घेत नाही, उलट मागे ढकलतो. भरतीचं वेळापत्रक पंप हाऊसच्या भिंतीवर लावा. दोन भरत्यांत सुमारे साडेबारा तासांचं अंतर असतं आणि रोज वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. नाल्याचं तोंड, जाळ्या आणि चेंबर भरतीच्या काळात साफ करून घ्या आणि ओहोटी लागली की सगळे पंप एकदम सुरू करा. भरतीत पंप चालवणं म्हणजे डिझेल जाळून तेच पाणी गोल फिरवणं.

आणखी एक चूक नेहमी होते : घाईत ते पाणी जवळच्या सिंचन तळ्यात सोडलं जातं. त्यात मीठ, मैला, तेल काहीही असू शकतं. तळं एकदा खराब झालं की गवत धुवायला गोडं पाणी उरत नाही.

ग्रीनवरचा गाळ

इथे जरा थांबून ग्रीनच्या पोटात काय असतं ते समजून घ्या. आधुनिक ग्रीनमध्ये वर सुमारे ३०० मिलिमीटर चाळलेल्या वाळूचा थर असतो, खाली १०० मिलिमीटर खडी आणि त्याखाली चरांत चार इंची सच्छिद्र पाइप. पाणी वाळूतून झरझर खाली जातं, म्हणूनच मुंबईच्या पावसात ग्रीन खेळण्याजोगं राहतं. पुराच्या पाण्यातला गाळ या वाळूपेक्षा कितीतरी बारीक असतो. तो वर बसला की वाळूची छिद्रं बुजतात. दोन मिलिमीटरचा थरही पुरतो; वर पाणी, खाली कोरडी वाळू, आणि मधल्या मुळांना हवा नाही.

गाळ ओला असतानाच काढायचा. पाणी पूर्ण ओसरू न देता, पावलाच्या उंचीएवढं पाणी शिल्लक असतानाच वायपर फिरवायला सुरुवात केली तर निम्मा गाळ पाण्याबरोबरच वाहून जातो. ग्रीनच्या उंच बाजूकडून सखल कडेकडे, एका ओळीत चार-पाच माणसं. मागून एकाने गोड्या पाण्याचा पाइप धरायचा, धार पसरट ठेवायची. दाबाची धार गवत उपटते आणि गाळ आत ठोकून बसवते. कडेला जमलेला गाळ घमेल्यांनी उचलून कोर्सबाहेर टाका. ग्रीनच्या उतारावर टाकलात तर पुढच्या सरीला तो परत येईल.

वाळला असेल तर फावड्याने खरवडू नका, गवताची गादी सोबत येते. हलकं पाणी मारून अर्धा तास मुरू द्या, पापुद्रा फुगतो, मग खराटा आणि वायपर.

गाळ निघाला, ग्रीन पायाखाली घट्ट लागू लागलं की हवा देणं आलं. पोकळ सुयांचं एरेटर, म्हणजे जमिनीला भोकं पाडणारं यंत्र : सुई १२ मिलिमीटर जाडीची, खोली ७५ ते १०० मिलिमीटर, दोन भोकांत ५० मिलिमीटर अंतर. बाहेर आलेले मातीचे गोळे त्या ग्रीनवर चुरून परत मिसळू नका, त्यात गाळ आहे, सगळे उचला. नंतर भोकं बुजतील इतकी वाळू पसरून ब्रश फिरवा. ५०० चौरस मीटरवर ३ मिलिमीटर थर द्यायला दीड घनमीटर, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास वाळू लागते. भोकं भरायला लागेल ती वेगळी धरा. या सुया आणि हे अंतर धरलं तर प्रत्येक ग्रीनला आणखी दोन घनमीटर सहज जाते.

वाळू कुठली, यावरून बरेच जण फसतात. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. बांधकामाची क्रश सँडही नको, तिच्यातली दगडाची भुकटी म्हणजे पुन्हा गाळच. सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातून सिलिका वाळू येते. धुतलेली आणि चाळलेली घ्या, बहुतेक कण पाव ते एक मिलिमीटरमधले हवेत, आणि ग्रीनमध्ये आधीपासून असलेल्या वाळूशी ती जुळते का ते प्रयोगशाळेतून तपासून घ्या. तोवर घरगुती चाचणी करा : काचेच्या बाटलीत एक तृतीयांश वाळू, वर पाणी, जोरात हलवा आणि ठेवून द्या. दोन मिनिटांनीही पाणी चहासारखं गढूळ दिसलं तर ट्रक परत पाठवा.

खारं पाणी शिरलं असेल तर

समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे ईसी (पाण्यात वा मातीत मीठ किती आहे याचं माप), ५० डेसिसीमेन प्रति मीटरच्या आसपास असते. हरळी मातीत साधारण ७ पर्यंत तग धरते, त्यापुढे वाढ घटत जाते. उधाणाचं पाणी येऊन गेलेल्या भागातून १०० मिलिमीटर खोलीचे नमुने घ्या आणि माती परीक्षणात ईसी आणि सोडियम दोन्ही मागा. नुसती ईसी कळून पुरत नाही.

मीठ धुवायला पाणीच लागतं. ३०० मिलिमीटर खोलीच्या मुळांच्या थरातून १५० मिलिमीटर गोडं पाणी खाली गेलं की साधारण निम्मं मीठ निघतं. ३०० मिलिमीटर गेलं की पाचातले चार भाग. एका ग्रीनला १५० मिलिमीटर म्हणजे ७५,००० लिटर, दहा हजारी टँकर सात-आठ. सबंध कोर्स टँकरने धुणं कोणालाच परवडत नाही. ग्रीन आणि टी धुवा. मेमधलं वादळ असेल तर फेअरवे पावसावर सोडा. एकट्या जून महिन्यात मुंबईला सरासरी पाचशेहून जास्त मिलिमीटर पाऊस पडतो, त्यापेक्षा स्वस्त पाणी नाही. मात्र निचरा उघडा हवा. खाली वाट नसेल तर मीठ तिथेच राहतं आणि पहिल्या उघडिपीत वर येऊन पांढरं दिसतं.

फेअरवेची माती चिकण असेल तर पाऊस सुरू होण्याआधी जिप्सम टाका. कारण असं : खाऱ्या पाण्यातलं सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटतं. त्यावर पावसाचं जवळजवळ शुद्ध पाणी पडलं की कण विखुरतात, माती लापशीसारखी होते आणि सुकल्यावर सिमेंटसारखी. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि सोडियम पाण्याबरोबर खाली जातं. १०० चौरस मीटरला ५ ते १० किलो हे सुरुवातीचं प्रमाण, नेमकं माती परीक्षणावरून. वाळूच्या ग्रीनला बहुधा जिप्समची गरज नसते, तिथे पाणी पुरे. या काळात पोटॅश द्यायचं झालं तर सल्फेट ऑफ पोटॅश द्या. म्युरिएट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड आहे, ते मिठात मिठाची भर.

झाडं

उभं पण धोकादायक झाड खासगी आवारात असलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा तसं सांगतो. पडलेल्या झाडाचेही फोटो काढून वॉर्डाच्या उद्यान खात्याला कळवा, मगच करवत लावा.

पडलेलं खोड कापताना ते कुठे दाबलं गेलंय आणि कुठे ताणलं गेलंय ते आधी पाहा. दोन्ही टोकांना टेकलेलं खोड वरून दाबात आणि खालून ताणात असतं : आधी वरून जाडीच्या एक तृतीयांश काप, मग खालून. एकच टोक टेकलं असेल तर उलट, आधी खालून, मग वरून. हे चुकलं की चेन सॉ अडकतो किंवा खोड फाटून अंगावर येतं. उन्मळलेल्या झाडाच्या खड्ड्यात कोणीही उतरू नये, अगदी काढलेली मोळी उचलायलासुद्धा. खोड कापून शेंड्याचं वजन गेलं की मुळांचा गड्डा झटक्यात परत खड्ड्यात बसतो. गड्डा आधी दोरखंडाने बांधा.

गुलमोहर, सोनमोहर, रेन ट्री यांच्या मोठ्या फांद्या वाऱ्यात सहज मोडतात. त्यांच्या जागी काय लावायचं हे ठरवताना उंडी, भेंड, करंज, बकुळ यांचा विचार करा, ही किनाऱ्याची झाडं आहेत. मनगटाएवढ्या जाडीची, नुसती कललेली झाडं वाचतात. दोन-तीन दिवसांत उभी करायची, तोवर मुळं ओल्या गोणपाटात. तीन बाजूंनी बांबूचे टेकू, बांधायला काथ्या किंवा सायकलची ट्यूब, तार नको. मोठं झाड क्रेनने उभं करण्याचा मोह होतो, पण फाटलेली मुळं जुळत नाहीत आणि ते पुढच्या वादळात पुन्हा पडतं, कदाचित माणसावर. समुद्राकडच्या बाजूने पानं करपलेली झाडं मेलेली समजू नका. वाऱ्याबरोबर आलेल्या खाऱ्या तुषारांचं ते काम. सहा ते आठ आठवडे थांबा, पालवी फुटते.

लाकूड बाहेर काढताना जेसीबी फेअरवेवर नेऊ नका. १९ मिलिमीटर प्लायवूडचे तक्ते टाकून एकच वाट ठरवा आणि सगळे त्याच वाटेने जा. एका वाटेची दुरुस्ती जमते, वीस चाकोऱ्यांची जमत नाही. बुंधा जमिनीखाली ३०० मिलिमीटरपर्यंत दळून काढा आणि भुसा पूर्ण उपसा, कारण तो कुजला की वर्षभरात तिथे खळगा पडतो. खड्डा १५० मिलिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर धुमसाने ठोकत भरा.

गवतावर मशीन फिरवण्याआधी माणसांची एक रांग, हातभर अंतराने, सबंध फेअरवेवरून चालवा. पत्र्याचे तुकडे, खिळे, काचा. एक खिळा मोअरचं, म्हणजे गवत कापायच्या यंत्राचं, पात्यांचं रील बाद करतो.

बंकर

बंकरचं काम शेवटी ठेवलं तरी चालतं, पण पाणी लगेच उपसा. तळाशी बसलेला गाळाचा थर वाळूसकट पाच सेंटिमीटरपर्यंत काढून टाका, उतारावरून वाहून खाली आलेली स्वच्छ वाळू वर ओढा. तळाला १०० ते १५० मिलिमीटर, चढाला ५० मिलिमीटर वाळू हवी. जास्त दिली की पुढच्या पावसात पुन्हा खाली. गाळ वाळूत कालवला गेला असेल तर ती वाळू धुऊन वाचवण्यात वेळ घालवू नका, बदला.

पंप आणि पाइप

पाण्यात बुडालेली मोटर वाळली म्हणून सुरू करू नका. मोटर आणि पॅनेल उघडून वाळवायचं, मग ५०० व्होल्टच्या मेगर या मापकाने इन्सुलेशन मोजायचं. एक मेगओहमच्या खाली आलं तर मोटर वाइंडिंगवाल्याकडे. हे काम परवानाधारक वायरमनचंच. मग लाइन भरताना व्हॉल्व्ह थोडाच उघडा आणि शेवटचे स्प्रिंकलर उघडे ठेवून हवा बाहेर पडू द्या. रिकाम्या पाइपात पूर्ण दाबाने पाणी सोडलं की पाण्याचा हातोडा बसतो आणि वादळाने न फोडलेले जोड तुम्ही फोडता. उन्मळलेल्या प्रत्येक झाडाच्या खड्ड्यात पाइप आणि कंट्रोल केबल दोन्ही शोधा. मुळं त्यांना वेढून बसलेली असतात आणि झाडाबरोबर ओढली जातात.

गवत

आता गवत. आधी दहा दिवस वाट पाहा. पिवळी पडलेली हरळी मेली आहे की नाही हे वरून कळत नाही. जमिनीलगतचं खोड नखाने खरवडा, आत पांढरं-हिरवं आणि कडक असेल तर ते जिवंत आहे. ग्रीनवर कापणीची उंची एक-दोन मिलिमीटरने वाढवा. ढगाळ दिवसांत पान जास्त असलं तरच गवताला पुरेसं अन्न तयार करता येतं.

हरळीच्या टिफड्वार्फसारख्या संकरित जातींना बी येत नाही, त्यामुळे काड्या (गवताच्या खोडाचे तुकडे) रोवणं किंवा मुळांसकट कापलेली गवताची चादर अंथरणं हेच मार्ग. ग्रीनवरच्या ठिगळाची चादर आपल्याच नर्सरी ग्रीनमधून, म्हणजे ठिगळांसाठी राखून वाढवलेल्या ग्रीनमधून, घ्या, १५ मिलिमीटर जाडीची. बाहेरून आणलेल्या लॉन कार्पेटखाली लाल माती किंवा शेणखत असतं. ते वाळूवर ठेवलं की तुम्ही हाताने काढलेला गाळाचा थर हाताने परत घातलात. नाइलाजाने आणलंच तर मुळं धुऊन माती पूर्ण काढा. फेअरवेला काड्या पुरतात : एक चौरस मीटर चादर सुटी केली की दहा चौरस मीटर जागा होते. काड्यांचा एक तृतीयांश भाग वर ठेवून रोवा आणि रोलर फिरवा. जून-जुलैची लावण पाणी न घालता धरते, पण उतारावर गोणपाट अंथरून खुंट्या मारा, नाहीतर पहिल्याच मोठ्या सरीत काड्या बंकरमध्ये सापडतील.

खत घाईने नको. उष्ण, दमट हवेत नत्र जास्त झालं की पिथियम बुरशी एका रात्रीत तेलकट चट्टे पाडते. नवी पालवी दिसल्यावर १०० चौरस मीटरला १ किलो अमोनियम सल्फेट, वर लगेच हलकं पाणी, आणि पुढची मात्रा दोन आठवड्यांनी.

खेळ सुरू करताना

सगळे अठरा होल एकदम उघडण्याचा आग्रह सदस्यांकडून येणारच. नऊ उघडा. खराब ग्रीनच्या अलीकडे फेअरवेवर सपाट जागा पाहून तात्पुरतं ग्रीन करा, दुरुस्तीची जागा पांढऱ्या रेषेने किंवा निळ्या खुंट्यांनी आखा आणि चेंडू उचलून, पुसून ठेवण्याचा स्थानिक नियम लावा. खेळाडूंच्या गोल्फ गाड्या सोडण्याआधी फेअरवेवर टाच दाबून पाहा. टाचेभोवती पाणी वर आलं तर गाड्या बंदच. पहिला मोठा पाऊस थांबल्यावर बरोबर दोन तासांनी मुकादमाला खुंट्या देऊन सबंध कोर्सवर फिरवा. जिथे अजून पाणी उभं आहे तिथे खुंटी मारायची. त्या खुंट्यांखालचा पाइप कुठेतरी दबलाय किंवा फुटलाय, आणि खणायला सुरुवात तिथूनच करायची आहे.